साखर वार ओलांडते, इन्सुलिन नाही

माझ्या भाचीला गरोदरपणात मधुमेह झालाय, आता एकतिसावा आठवडा चालू आहे. परवा फोनवर सहज विचारलं, रात्रीचं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलंस ना? तर गप्प. मग हळूच म्हणाली, "मावशी, दोन दिवस नाही घेतलं गं. तो मेसेज वाचला आणि हातच होईना." सकाळची उपाशीपोटीची शुगर? १०८ आणि ११२. तिला ९५ च्या आत ठेवायला सांगितली आहे.

मेसेज मागवून घेतला. 'प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवा' असा मथळा आणि खाली सात मुद्दे. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. क्रम माझ्या मनाने लावते, कारण ज्या वाक्याने तिचा हात थांबला त्याचा समाचार आधी घ्यायचाय.

'इन्सुलिन टोचलं की ते थेट बाळाच्या रक्तात उतरतं. बाळाला पोटातच त्याची सवय लागते आणि आईचं तर जन्मभर सुटत नाही.'

अहो, नेमकं उलट आहे! आई आणि बाळ यांच्यामध्ये वार, म्हणजे प्लॅसेंटा, असते. ग्लुकोजचा रेणू लहान, तो वारेतून सहज पलीकडे जातो. इन्सुलिनचा रेणू मोठा, तो जवळजवळ अलीकडेच अडतो. म्हणून तर गरोदरपणात गोळ्यांपेक्षा इन्सुलिनला पहिली पसंती देतात. मेटफॉर्मिन वापरतात, पण ते वार ओलांडतं.

आता आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर काय होतं? ती जादा साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं. त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंद होतात आणि बाळंतपणात खांदा अडकायची भीती वाढते. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद, पण बाळाच्या अंगात इन्सुलिन अजून भरपूर. अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत धोकादायक खाली येऊ शकते. म्हणजे बाळाच्या रक्तातल्या ज्या इन्सुलिनची हा मेसेज भीती घालतो, ते आईने इंजेक्शन टाळल्यावरच वाढतं.

'जन्मभर सुटत नाही' हेही खोटं. ही साखर वाढते ती वारेतून सुटणाऱ्या संप्रेरकांमुळे. ती आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. वार पडली की तो विरोधही ओसरतो. गरोदरपणातच मधुमेह झालेल्या बहुतेक जणींचं इन्सुलिन बाळंतपणाबरोबरच बंद होतं.

आणि उपचारांनी फरक पडतो का? २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास आला, मुख्यतः ऑस्ट्रेलियातला. गरोदरपणात साखर वाढलेल्या १,००० स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटाला आहाराचा सल्ला, घरी शुगर तपासणं आणि लागलं तरच इन्सुलिन. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताची नस दुखावणं अशा गंभीर गोष्टी दुसऱ्या गटात ४ टक्के, पहिल्यात १ टक्का. चार किलोंहून मोठी बाळं २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. उपचारांच्या गटात इन्सुलिन लागलं ते साधारण पाचांत एकीला, बाकीच्यांचं आहारावर भागलं. कळा आणण्याचं प्रमाण मात्र याच गटात जास्त होतं, तेही सांगून टाकते.

'उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चांगल्या बाईला मधुमेह लावतात.'

एका पेल्याने मधुमेह होत नाही. तो पेला प्यायल्यावर शरीर साखर किती वेळात खाली आणतं, एवढंच २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान बघायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे उपाशीपोटी ९२, तासाने १८० किंवा दोन तासांनी १५३ यांपैकी एक आकडा जरी गाठला तरी निदान होतं. ते पाणी पिववत नाही, मळमळतं, कुणाला उलटी होते, हे खरं आहे. उलटी झाली तर चाचणी पुन्हा करावी लागते, तेही वैतागवाणं. पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना ही चाचणी सोसत नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय करतात. मेसेजला एवढं अर्धं माप देते.

'रात्रीचं जेवण सोडा, आठ दिवसांत शुगर नॉर्मल.'

हे वाचून माझं डोकं फिरलं. जी इन्सुलिन घेते आहे तिने टोचून घ्यायचं आणि उपाशी झोपायचं? साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येईल. आणि जी घेत नाही तिच्या शरीरात उपाशीपणाने कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढतात. शिवाय रात्रभर यकृत स्वतः साखर सोडत असतं, त्यामुळे सकाळचा आकडा उतरेलच याची खात्री नाही. पिष्टमय पदार्थ दिवसभरात थोडे थोडे वाटून खाणं वेगळं आणि जेवण तोडणं वेगळं.

'आमच्या आज्यांच्या वेळी हे नव्हतं.' तपासत नव्हते, बाई. १८२४ साली बर्लिनला बेनेविट्झ नावाच्या माणसाने आपल्या प्रबंधात अशी एक गर्भवती नोंदवली आहे. तिला मधुमेहाची लक्षणं गरोदरपणात आली आणि बाळंतपणानंतर गेली. बाळ बारा पौंडांचं होतं. जगलं नाही.

'तीन महिन्यांची सरासरी काढली की रोज बोट टोचायला नको.' ही सरासरी (HbA1c) रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे ती सरासरी खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. आणि जेवणानंतरची उसळी सरासरीत दिसतच नाही.

'फळांचा रस नैसर्गिक, कितीही प्या.' साखर ती साखर. पुढे.

शेवटचा मुद्दा, 'बाळ झालं की सगळं आपोआप जातं, विसरून जा.' बहुतेकींचं जातं, कबूल. पण पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त राहतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी तोच ७५ ग्रॅमचा पेला पुन्हा प्यायचा असतो, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं.

भाचीने त्याच रात्री डॉक्टरांना फोन करून डोस चुकल्याचं सांगितलं. थोडी बोलणी खाल्ली. आज सकाळी ९७ आहे.