एक स्टार आणि बिलातले पंधराशे रुपये : वर्कशॉपतर्फे उत्तर

नमस्कार भाऊ,

आपला रिव्ह्यू वाचला. खंडेनवमीच्या पूजेला मशीन (आपला जुना कॅटरपिलर डोझर) दारात पाहिजे होती, ती दिवाळी उलटल्यावर मिळाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाहुणे बोलावून ठेवलेले होते, आपली अडचण झाली.

पण त्यापुढे आपण लिहिलं, "वर्कशॉपात दिवसभर म्हातारे चहा पीत जुन्या गोष्टी सांगत बसतात आणि त्या गप्पांचेही पैसे गिऱ्हाइकाकडून घेतात." सोबत बिलाचा फोटो, आणि 'जुने मिस्त्री – १,५००' या ओळीभोवती लाल गोल. तो फोटो आमच्या वणीकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ज्यांच्यासाठी ती ओळ होती त्यांच्या नातवानंच तो त्यांना वाचून दाखवला. म्हणून एवढं लिहायला बसलो. लांबलं तर सांभाळून घ्या.

रंगाचं आधी आटोपतो. "पिवळा फिका वाटतो, जेसीबीसारखा नाही" असं आपलं म्हणणं. कॅटरपिलरच्या मशीन १९३१ पर्यंत करड्या असायच्या, त्यानंतर पिवळ्या झाल्या, आणि तो पिवळाही कंपनीनं १९७९ साली बदलला. आपली मशीन त्याच्या कितीतरी आधीची. सीटखाली मूळ रंगाचा पापुद्रा शिल्लक होता, तो दुकानात नेऊन त्याच्यासारखा रंग मिसळून आणला. जेसीबीचा रंग तर बाजारात तयार डब्यात मिळतो, तो आम्हाला स्वस्तच पडला असता.

उशीर चेनमुळे झाला, म्हणजे मशीन ज्यांच्यावर चालते त्या लोखंडी पट्ट्यांमुळे. मशीन वर्षानुवर्षं धुऱ्यावर उभी, काळी माती रोलरमध्ये जाऊन दगड झालेली. दोन्ही चेन एकसंध लोखंड झाल्या होत्या. चेनच्या सांध्यातल्या पिना आणि बुश एका अंगानंच झिजतात, म्हणून त्या प्रेसवर काढून अर्धा फेर फिरवून परत बसवल्या, म्हणजे न झिजलेली बाजू स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या चाकाच्या) दातावर येते. याच्यानं आपल्याला नव्या चेनचा खर्च पडला नाही. पुढच्या आयडलरमागची (चेन ताणून धरणाऱ्या चाकामागची) स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर माणूस जातो. तिथं पोरांना "लवकर करा" म्हणायची माझी हिंमत नाही.

आता पंधराशे रुपये.

आपल्या मशीनच्या नंबरप्लेटवर ९यू आहे. म्हणजे डी-सिक्स, १९४७ ते १९५९ या काळात निघालेली, सहा सिलिंडरची, दोन पट्ट्यांमधलं अंतर ७४ इंच. या मशीनला आजच्यासारखा सेल्फ मारून डिझेल इंजिन चालू होत नाही. बाजूला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते चालू करायचं. त्याचं आणि मोठ्या इंजिनाचं पाणी एकच, म्हणून मोठं इंजिन गरम होत जातं. छोट्याचा धूरसुद्धा मोठ्याच्या हवेच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यातून) फिरवून बाहेर काढलाय, आत जाणारी हवा गरम व्हावी म्हणून. मग कॉम्प्रेशनचा (सिलिंडरातल्या दाबाचा) दांडा सोडून मोठं इंजिन नुसतं फिरवायचं, ऑइलचा काटा वर आला की कॉम्प्रेशन द्यायचं आणि मग डिझेल. "चालू व्हायला फार वेळ लागतो" हेही आपण रिव्ह्यूत टाकलंय. भाऊ, ती चालूच अशी होते. अमेरिकेतल्या पिओरियाच्या कारखान्यातून निघाली तेव्हाही अशीच व्हायची.

आपली मशीन आली तेव्हा छोटं इंजिन थोडा वेळ चालायचं आणि गुदमरून बंद पडायचं. माझ्या पोरांनी कार्बोरेटर खोलून धुतला, परत धुतला. मॅग्नेटो (ठिणगी देणारा भाग) काढून नागपूरला पाठवायची तयारी केली. पोरं हुशार आहेत, पण हायड्रॉलिकच्या जमान्यातली. पेट्रोलवर चालू होणारा डोझर त्यांनी पाहिलाच नव्हता. तेव्हा मी मोठ्या मिस्त्रींना बोलावलं, बिलातले 'जुने मिस्त्री' ते हेच. ते सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, एसटीनं येतात आणि फाट्यापासून ऑटो करावा लागतो.

ते आले, खाटेवर बसले, चहा घेतला. आपण पाहिलं ते एवढंच. छोटं इंजिन चालू केल्यावर त्यांनी मला मॅनिफोल्डवर हात ठेवायला लावला. थंड. "काबुरेटर कायले खोलता बे? धूर कुठून निघून रायला ते पाहा आधी." मॅनिफोल्ड उतरवला तर धुराच्या वाटेत कुंभारमाशीची मातीची घरं, एकावर एक, आत वाळलेल्या कोळ्यांसकट. सळईनं खरवडून परातभर माती निघाली. त्यानंतर छोटं इंजिन जे चालू झालं ते बंद करेपर्यंत थांबलं नाही. मॅग्नेटो नागपूरला गेला असता, डिझेल पंप वणीला कॅलिब्रेशनला गेला असता, आणि बिलावर त्या दोन ओळी आल्या असत्या तर आपण त्यांना गोल मारला नसता.

हे त्यांना कसं कळलं? हेल्पर असताना इसापूरच्या धरणावर त्यांच्या मशीनला हेच झालं होतं. जुन्या गोष्टी सांगत बसतात म्हणता, तर त्या गोष्टींमध्ये हेच असतं. दोरावर चालणाऱ्या ब्लेडला खाली दाब नसतो, ते आपल्या वजनानंच पडतं, म्हणून कडक मुरूमात आधी एक कोपरा कसा घालायचा. "उतारावर लोड मागून ढकलते तवा डावा दांडा ओढला त मशीन उजवीकडं जाते," हे त्यांनी माझ्या पोरांना खाटेवरूनच शिकवलं. आमच्या पोरानं ते धरणाच्या पाळीवर जाऊन शिकावं काय?

आणि भाऊ, सगळ्यात लागलं ते वेगळंच. त्या दुपारी आपणही तिथंच होता. चहा आपणही घेतला, मागून घेतला. मिस्त्रींनी स्वतःच्या वडिलांची गोष्ट सांगितली, ते कांस (शेतात माजणारं चिवट गवत) काढायच्या ट्रॅक्टरवर कसे होते. (ती गोष्ट खरी असायला जागा आहे. विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि कांसानं पडीक झालेली जमीन मोकळी करायला सरकारनं १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेऊन यंत्रं आणली होती.) तेव्हा आपणच मोबाइल धरून "बाबा, परत एकदा सांगा ना" म्हणालात. तो व्हिडिओ आपण टाकला. लोकांनी त्याला हात जोडले, हार्ट दिले. पाहताना मलाही बरं वाटलं होतं. तोच आवाज, तीच गोष्ट. व्हिडिओत वारसा झाली आणि बिलात लूट झाली, हे मला अजून उमगलं नाही.

त्या पंधराशेत वर्कशॉपचा एक रुपया नाही. जाणं-येणं, जेवण, आणि बाकी त्यांच्या हातात. ते घ्यायला तयार नव्हते, मीच खिशात घातले. रिव्ह्यू ऐकल्यावर त्यांनी नातवाकरवी पाचशेच्या तीन नोटा परत पाठवल्या आहेत. त्या माझ्या गल्ल्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्याला पाहिजे असतील तर घेऊन जा. मी मात्र त्या त्यांनाच परत देणार होतो, हेही सांगून ठेवतो.

आम्ही खेड्यातले लोक. मोठमोठ्या कंपन्यांचे शोरूम नागपूरला आहेत, त्यांना एका स्टारनं काही होत नाही. आम्हाला गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "गप्पांचे किती घेता?"

यापुढे बिलात ओळीओळीचा खुलासा लिहू, आणि तारीख सांगताना काळजी घेऊ. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, तो आपला हक्क आहे. पण लाल गोल काढता आला तर पाहा.

कामाचं एक. मशीन न्यायला आलात तेव्हा सगळ्यांना दाखवायला छोटं इंजिन चालू केलंत आणि नुसतं बटण दाबून बंद केलंत. पेट्रोलचा कॉक उघडाच होता. तसं केलं की पेट्रोल कार्बोरेटरमधून झिरपत छोट्या इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंग जातात. आधी कॉक बंद करा, आतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या, मग बटण. आता एकदा ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चालू करू नका, फोन करा, पोरगा पाठवतो. त्याचे पैसे नाहीत.

आणि काढलेले जुने रोलर गोणीत बांधून ठेवलेत. भंगारवाला येऊन गेला, मी दिले नाहीत. नेणार असाल तर पावसाच्या आधी या, नंतर आमच्या रस्त्यावर गाडी फसते.