स्त्रियांच्या रक्तवाहिन्या जोडता येत नाहीत, हे खरे नाही

इंदूरच्या मराठी घरांतील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांची रचनाच वेगळी व फार बारीक असते, त्या जोडल्या तरी फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलेला त्वचेचा, मांसाचा किंवा हाडाचा तुकडा, जगत नाही. म्हणून तोंडाच्या कर्करोगात बाईचा जबडा काढावा लागला तर पायाचे हाड बसवू नये, नाहीतर ती पायानेही अधू होते, नुसती धातूची पट्टी पुरे, असा त्याचा आशय आहे. रामबागेतला एक मुलगा हा संदेश मोबाइलवर उघडूनच आईंना घेऊन माझ्याकडे आला. पुनर्रचना शस्त्रक्रिया करणारा सर्जन म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

रचना वेगळी असते, हे चूक आहे. रोहिण्यांच्या शाखा स्त्रीपुरुषांत एकाच आराखड्याने फुटतात. मनगटाजवळची रेडियल किंवा छातीच्या आतली इंटर्नल मॅमरी रोहिणी स्त्रियांमध्ये सरासरीने लहान व्यासाची असते एवढे खरे, पण त्या फरकाचा बराच भाग उंची आणि बांध्याचा असतो, आणि ठेंगण्या पुरुषाची रोहिणी उंच स्त्रीच्या रोहिणीहून बारीक असू शकते. एकाच शरीरातही डावी इंटर्नल मॅमरी नीला बहुधा उजवीपेक्षा लहान असते.

बारीक वाहिनी जोडता येत नाही, या दाव्याला तर रोजचे काम हेच उत्तर आहे. अशा शस्त्रक्रियांत साधारण १ ते ३ मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्या केसाहून बारीक अशा ९-० क्रमांकाच्या नायलॉनच्या धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. पोटाची त्वचा व चरबी घेऊन स्तन पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेतील रुग्ण जवळजवळ सर्व स्त्रियाच असतात, आणि अनुभवी केंद्रांत शंभरातले पंचाण्णवांहून अधिक फ्लॅप जगतात. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजतो तेव्हा लसीकावाहिनी, म्हणजे ऊतींतला पाझरलेला द्रव वाहून नेणारी नळी, शेजारच्या नीलेला जोडतात. त्या वाहिन्या ०.८ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, आणि तिथेही बहुतेक रुग्ण स्त्रियाच. बारीक वाहिनी चटकन आकुंचन पावते, टाका मागच्या भिंतीत अडकण्याची भीती अधिक असते, म्हणून हात जास्त सांभाळावा लागतो. पण काळजी घ्यावी लागणे आणि शस्त्रक्रियाच नाकारणे यांत फार अंतर आहे.

फ्लॅप जातो तो बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, जोडलेल्या वाहिनीत, विशेषतः नीलेत, गुठळी झाल्याने. वाहिनी पिळली जाणे, आधी झालेले किरणोपचार, तंबाखू आणि मधुमेह यांकडे आम्ही पाहतो. रुग्ण स्त्री आहे एवढ्यावरून अंदाज बांधता येत नाही. उलट रोहिण्या कडक होण्याचा विकार स्त्रियांत साधारणपणे उशिरा सुरू होतो. मात्र टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध व काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे गुठळीचा धोका वाढतो, आणि मिस्री हाही तंबाखूच आहे. या गोष्टी बायकांनी संकोच न करता सर्जनला सांगाव्यात.

स्त्रीपुरुषांत जो फरक आम्हाला खरोखर विचारात घ्यावा लागतो, तो वाहिन्यांभोवतीचा आहे. स्त्रियांच्या मांडीवर चरबीचा थर जाड असल्याने तिथला फ्लॅप तोंडात फार फुगीर होतो, तर पुरुषांच्या हातावरच्या त्वचेचे केस तोंडाच्या आत वाढत राहतात.

राहिला पाय. शरीराचा बहुतेक भार नडगीचे मोठे हाड पेलते. जबड्यासाठी घेतात ते बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, आणि घोटा स्थिर राहावा म्हणून त्याचा खालचा सहा ते आठ सेंटिमीटर भाग जागेवरच ठेवतात. काही काळ घोटा ताठरतो, अंगठा वळवण्याची ताकद कमी होऊ शकते. बाई अधू होत नाही. खरी जोखीम वेगळी आहे: थोड्या व्यक्तींत, मग ती स्त्री असो वा पुरुष, पाऊल मुख्यतः याच हाडाच्या रोहिणीवर जगते, आणि ते आधी तपासावेच लागते. नुसत्या पट्टीचे म्हणाल, तर किरणोपचारानंतर पातळ झालेल्या त्वचेतून ती बाहेर येण्याचा किंवा मोडण्याचा धोका मोठा असतो.

त्या आईंच्या दोन्ही पायांचा सीटी अँजिओ, म्हणजे रोहिण्या दाखवणारा सीटी स्कॅन, झाला आहे. पायाच्या तिन्ही रोहिण्या मोकळ्या आहेत, मिस्री त्यांनी सोडली आहे, आणि हाड डाव्या पायाचे घ्यायचे ठरले आहे.