हिरवी लाईट दाखवून माझं तोंड बंद करू नका

“मॅडम, मोडेमची लाईट हिरवी आहे ना? मग आमच्याकडून ओके आहे.”

घरचं इंटरनेट बंद पडल्यापासून चार दिवसांत कंपनीच्या माणसांकडून हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. मोजलंय मी, फोनच्या यादीत सगळं आहे. आता कुणी नुसतं ‘आमच्याकडून’ एवढं म्हटलं तरी मस्तकात तिडीक जाते.

मी जुळे सोलापुरात राहते, घरूनच हिशेबाचं काम करते. पूर्व भागातले टॉवेल-चादरीचे सात-आठ कारखानदार त्यांच्या जीएसटीचं काम माझ्याकडे देतात. सोमवारी १६ तारखेला दुपारी पाऊस चार थेंबच पडला, पण लाईट तीनदा गेली-आली, आणि शेवटची आली ती धाडकन. राऊटर गेला. फायबर ज्यात येते तो कंपनीचा मोडेम मात्र वाचला. दोन्ही डबे वेगळे आहेत आमच्याकडे. मोडेम फक्त फायबरचा सिग्नल केबलवर आणतो, युजरनेम-पासवर्ड टाकून इंटरनेट जोडायचं काम राऊटरचं. हे मला आधीपासून माहीत आहे, कारण जुना राऊटर मीच बसवला होता.

त्याच संध्याकाळी नवी पेठेतून नवा राऊटर आणला. मोडेममधून येणारी केबल राऊटरच्या निळ्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत येतं ती जागा) घातली, पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत निवडली, युजरनेम-पासवर्ड टाकला. ‘अथेंटिकेशन फेल्ड’. परत टाकला. परत तेच. पासवर्डातलं एकेक अक्षर मुलीकडून वाचून घेत टाकलं. तेच. मोडेमवर फायबरच्या सिग्नलची, पॉनची लाईट हिरवीगार, सिग्नल तुटल्याची लाल एलओएस बंद, म्हणजे फायबर ठणठणीत. आणि राऊटरवर तो नारिंगी ठिपका, रात्री बारापर्यंत.

मंगळवारी सकाळी कस्टमर केअर. “मॅडम, रिसेट करा.” केलं. टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरलं, सगळ्या सेटिंग गेल्या, परत पहिल्यापासून भरल्या. “मोडेम बंद करून पाच मिनिटांनी चालू करा.” केलं. “केबल बदला.” दुसरी लावून बघितली, तेच, परत जुनीच लावली. “मग राऊटर खराब आहे मॅडम, आमच्याकडून ओके आहे.” कालच डब्यातून काढलेला राऊटर!

मी म्हटलं ठीक, राऊटर बाजूला ठेवू. मोडेमची केबल सरळ लॅपटॉपला लावली आणि तिथून युजरनेम-पासवर्ड टाकला. तिथेही तेच उत्तर, पासवर्ड नाकारला. आता सांगा, दोन वेगळी यंत्रं, दोघांना एकच नकार, तर खोट कुठे असेल? शेंबडं पोरही सांगेल की पलीकडे. हे मी फोनवर सांगितलं तर समोरचा म्हणतो, “लॅपटॉपचं पण चेक करून घ्या.” ठेवला फोन मी. हात थरथरत होते रागाने.

बुधवारी माणूस आला. सकाळी दहाला येणार होता, दुपारी साडेतीनला आला. ऊन होतं, तोही दमून आला असेल, पाणी दिलं त्याला. दारातच पहिला प्रश्न, “ताई, साहेब नाहीत का घरी?” कनेक्शन माझ्या नावावर, तक्रार माझी, बिल माझ्या खात्यातून जातं. साहेब कशाला पाहिजेत? त्याने केबलची क्लिप कापली, नवी लावली, मोडेमकडे बघून “लाईट तर ओके आहे” म्हणाला आणि निघाला. तो जिना उतरेपर्यंत माझ्या मोबाईलवर मेसेज: तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे.

कापलेली जुनी क्लिप मी उचलून खिडकीजवळ धरली. आत चारच तारा. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळ्या आणि तपकिरी जोडीचा पत्ताच नाही, मागे दुमडून टाकलेल्या. चार तारांवर केबलचा वेग १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही, त्याला आठही तारा लागतात. माझा प्लॅन १५० चा आहे. दोन वर्षं, वर १८ टक्के जीएसटी धरून, १५० चे पैसे भरतेय मी, आणि त्यांच्याच माणसाने पहिल्याच दिवशी चार तारांत मला बांधून ठेवलं होतं. नव्या क्लिपमध्येही चारच आहेत. बघितलं मी.

तोवर इकडे २० तारीख जवळ आलेली. थ्रीबी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचा हिशेब भरायची शेवटची तारीख. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक दिवस उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ते कारखानदाराच्या डोक्यावर बसतं. “ताई, आपलं भरलं का ओ?” असं त्यातल्याच एका कारखानदाराने, अण्णांनी, गुरुवारी तीनदा विचारलं. अण्णा चांगला माणूस, आवाज चढवला नाही त्यांनी, म्हणून मला जास्त लागलं. बाराशे ओळींची विक्री आणि खरेदीच्या पावत्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जुळवत बसले. घराच्या मागच्या खोलीत रेंज नाही, म्हणून जिन्यात खुर्ची टाकली. दिवसाचा दीड जीबी दुपारी दोनलाच संपला.

गुरुवारी संध्याकाळी परत नवी पेठ गाठली. राऊटर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानातल्या पोराने माझं सगळं ऐकून घेतलं (चार दिवसांत पहिला माणूस!) आणि एकच विचारलं, “जळालेला राऊटर टाकला नाही ना? त्याच्या खालचा मॅक नंबर वाचता येतो का?”

बारा अक्षरांचा नंबर असतो तो, प्रत्येक यंत्राचा वेगळा. कंपनीचा सर्व्हर पहिल्यांदा ज्या यंत्रातून लॉगिन झालं त्याचा मॅक धरून ठेवतो. दुसरं यंत्र लावलं की युजरनेम-पासवर्ड अगदी बरोबर असला तरी दार उघडत नाही. कारण समजू शकते मी. एकाच खात्यावर दोन घरं चालू नयेत म्हणून कुलूप लावलं असेल. लावा ना! पण कुलूप लावलंय हे ग्राहकाला सांगाल की नाही?

दुकानाच्या पायरीवरूनच कस्टमर केअरला फोन लावला. “मॅक बाईंड केलाय का तुम्ही?” पलीकडून शांतपणे, “हो मॅडम, असतोच.” असतोच! मग मंगळवारपासून मला रिसेट काय करायला लावताय, केबल काय बदलायला लावताय? “काढून द्या,” म्हटलं. तर म्हणे राऊटर आमच्याकडून घेतला तरच काढतो, बाहेरच्या राऊटरला सपोर्ट नाही. आता कळलं की हिरवी लाईट कुणासाठी हिरवी होती.

घरी येऊन जुना राऊटर उलटा केला. स्टिकर उष्णतेने पिवळा पडलेला, कडेची शाई उडालेली. एका जागी बी आहे की आठ, एका जागी डी आहे की शून्य, समजेना. मुलीने मोबाईलने फोटो काढून मोठा केला. नव्या राऊटरमध्ये ‘मॅक क्लोन’ म्हणून जागा असते, तिथे तो नंबर भरला. बी घालून नाही लागलं. आठ घातला, सेव्ह केलं, आणि वीस सेकंदांत नारिंगी ठिपका हिरवा झाला. मोडेमला हात लावला नाही, केबलला हात लावला नाही, एक अंक बदलला.

रात्री अडीचपर्यंत बसून सगळी रिटर्न भरली. शुक्रवारी सकाळी अण्णांना चलन पाठवलं तेव्हा कुठे घशाखाली चहा उतरला.

राग मला यंत्राचा नाही. वीज आहे, जळतं. राग आहे त्या अकरा माणसांचा, ज्यांच्या पडद्यावर बहुतेक लिहिलेलंच होतं की हा मॅक जुना आहे, आणि ज्यांनी माझा राऊटर, माझी केबल, माझा लॅपटॉप, शेवटी माझी अक्कल खोटी ठरवली. मला कळत नसतं तर मी मुकाट्याने दुसरा राऊटर घेतला असता. माझ्या सासूबाईंसारख्या एकट्या राहणाऱ्या बाईने काय केलं असतं?

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळतो, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ‘निराकरण झालं’ मेसेजचा फोटो, चार तारांच्या क्लिपचा फोटो आणि फोनची यादी जोडून मी अपील पाठवलंय. चार दिवसांचे पैसे, आठ तारांची क्लिप आणि मॅकचं कुलूप काढणं, एवढंच मागितलंय. उत्तर नाही. सोमवारी सकाळी त्यांचं ऑफिस उघडायच्या आधी मी ती क्लिप घेऊन दारात उभी असणार आहे. आणि साहेबांना घेऊन येणार नाही.