येग बुर्जीवरून पेटलेलं

परवा सोलापुरात अशोक चौकात बुर्जीच्या गाड्यापाशी आमचं जे पेटलं ते एका अंड्यावरून. अण्णा म्हणाले दोन येग बुर्जी, तिखट जास्त. आमचा पुण्यातला आयटीवाला दोस्त, शनिवार-रविवारला आलेला, फिसकन हसला. "अण्णा, येग नाही हो, एग. प्रोनाऊन्सिएशन सुधरा जरा."

मास्तर (रिटायर, जन्मभर इंग्रजीच शिकवलं) टपूनच बसलेले. "प्रोनाऊन्स हे क्रियापद बे, नाम प्रोनन्सिएशन. आधी तो शब्द धड म्हण, मग अण्णांना सुधार."

आता अण्णा शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. तेलुगूत काय आन कन्नडात काय, शब्द ए नं सुरू झाला की बोलताना आधी य आन ओ नं झाला की व चिकटतोच, म्हणून तर एमेले चा येम्मेल्ये होतो आन ओन्ली चा वोन्ली, आन शेवटचं व्यंजन तसंच लटकत ठेवायला जीभ तयार नसते म्हणून बस्सु, कारु. यात अडाणीपणा कुठाय? आमच्यातले भाई म्हणाले, "निम्मं सोलापूर येसला एस म्हणतंय, त्यातला उरलेला य अण्णांनी एगला लावला. हिसाब बराबर." बुर्जीवाला पण हसला.

मग पुण्याचा गडी भाईंवर घसरला, तुम्ही तर इस्टेशन म्हणता. मास्तर म्हणाले स्पेनमध्ये जाऊन हस की मग, तिथं शाळेला एस्कुएला आन स्टेशनला एस्तासिओन म्हणतात, सुरुवातीला स आन पुढं जोडाक्षर आलं की त्यांनाही आधी एक स्वर टेकायला लागतो. आपल्या खेड्यातला माणूस उलटं करतो, स च खाऊन टाकतो, ठेसन.

"मग ओरिजिनल बरोबर कुठलं?"

"ओरिजिनल? उत्तर इंग्लंडात यॉर्कशायरला जा, बसला बुस म्हणतील आन कपला कुप." 17व्या शतकात दक्षिण इंग्लंडात त्या उ चा अ व्हायला लागला, उत्तरेकडं झालाच नाही, म्हणजे पुट मध्ये उ आन कट मध्ये अ का म्हणून आम्ही शाळेत छड्या खाल्ल्या ते कोडं तिकडच्या पोराला पडतच नसणार, त्याच्या दोन्हीत उ च. आन कार मधला र बातम्यावाला साहेब गिळतो पण स्कॉटलंडचा माणूस आपल्यासारखाच वाजवतो.

दोस्त म्हणाला ते सगळं ठीक हो, पण क्लायंटला कळायला तर पाहिजे. हे मात्र मला पटलं, खोटं कशाला बोलू. लिहिताना आपण व आन व्ह वेगळे काढतो पण तोंडातून बहुतेकदा एकच निघतो, आन कॉलवर समोरचा तिसऱ्यांदा पार्डन म्हणला की घाम फुटतो राव.

तेवढ्यात मी बोलता बोलता कझिन ब्रदर म्हणालो आन मास्तरच उलटले. नुसतं कझिन म्हण, ब्रदर कशाला जोडतो.

इतका वेळ गप असलेले अण्णा आता बोलले. "मास्तर, आमच्यात काकाची पोरगी बहीण लागती आन मामाच्या पोरीशी लग्न होतंय. तुमच्यात पण होतंय की. दोघींना एकच शब्द, कझिन. लग्नाच्या कार्यालयात कुणी विचारलं ही कोण, तर काय सांगू? नातं कळायला नको का?" 

मास्तरांकडं याला उत्तर नव्हतं. माझ्या मते इंग्रजीकडंही नाही, साहेबाला मामे-आते-मावस-चुलत असं चार खणी कपाट लागलंच नाही कधी.

जरा वेळानं मास्तर म्हणाले, "ते राहू दे. पण डिस्कस अबाऊट मात्र चूकच हां, डिस्कसच्या पुढं अबाऊट लागत नाही."

"बरं," अण्णा म्हणाले, "अबाऊट नको. बुर्जीचे पैसे कोण देणार तेवढं डिस्कस करा."