आधी कुदळ, मग पैसे?

सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तेच पत्रक आलं. तालुक्याच्या गावी नाट्यगृह बांधायचंय. ४०० खुर्च्या, काचेचा दर्शनी भाग, पुढे कारंजं, कारंज्याभोवती कॉम्प्युटरने काढलेली गोरी माणसं. खाली क्यूआर कोड आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’. भूमिपूजनाची तारीख ठळक अक्षरांत. एकूण लागणार किती, आजवर जमले किती, कमी पडले तर काय, यातलं अवाक्षर नाही.

नाट्यगृह हवं की नको यावर आपल्यात वाद नाही. हवंच. म्हणून तर चिडचिड होते.

धरा ६ कोटी. पाकळी १,००० रुपयांची धरली तर ६०,००० पाकळ्या लागतात. गाव ५०,०००चं, तान्ह्या पोरांसकट!

इमारतीचा निधी वरून खाली जमतो, खालून वर नाही. पहिले सहा-आठ महिने पत्रक नाही, कोड नाही. गावातली आणि गावाबाहेर गेलेली शंभर नावं कागदावर काढायची. कुणाकडे कुणी जायचं ते ठरवायचं, डॉक्टरकडे डॉक्टर, व्यापाऱ्याकडे व्यापारी. त्याआधी समितीतल्या प्रत्येकाने स्वतःचा आकडा लिहायचा. स्वतः न देणाऱ्याला मागताना जीभ अडखळते. एक देणगी ७५ लाखांची, तीन ४० लाखांच्या, दहा १५ लाखांच्या. या चौदा घरांतून ३ कोटी ४५ लाख येतात. लेखी वचन, तीन वर्षांचे हप्ते, तारखांसह. त्यातले काही हप्ते बुडणार हे धरूनच चालायचं, म्हणून दहा टक्के जास्तीची वचनं. मग २ लाखांचे चाळीस जण, म्हणजे ८० लाख. मग खुर्च्या, २५,००० प्रमाणे १ कोटी. उरलेल्या ७५ लाखांसाठी काढा तो क्यूआर कोड. तेव्हा त्याला अर्थ येतो, कारण निम्म्याहून जास्त काम झालेलं लोकांना दिसतं.

खुर्चीवर नाव घालताना ते किती वर्षं राहील हे पावतीवरच लिहा. वीस वर्षांनी खुर्च्या बदलल्या की नातवंडं भांडायला येतात.

त्या पत्रकात ‘८०जी सवलत मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट, असंही आहे. नव्या कररचनेत ती वजावट मिळत नाही, आणि जुन्या रचनेतही २,०००च्या वरची रोख देणगी चालत नाही. शिवाय हेच पत्रक आता अमेरिकेतल्या नातेवाइकांना फॉरवर्ड होतंय. भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेतून आलेले असतील तर ठीक. तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी; एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ट्रस्टला एक रुपया घेता येत नाही. तो कोड हे विचारत नाही. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीसाठी ट्रस्टची वेगळी नोंदणी, सीएसआर-१, लागते. तीही ‘सुरू आहे’ म्हणे.

बरं, मान्य. भूमिपूजनाशिवाय गावात हवा तयार होत नाही, काही देणगीदार मंडप पाहूनच खिशात हात घालतात. पण अर्धवट कॉलम आणि गंजलेल्या सळया पाहून तेच हात मागे जातात.

आणि अंदाजपत्रक! बांधकामाच्या दराखाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’. ५ कोटींवर १८ टक्के म्हणजे ९० लाख. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, आगीचा पंप, लाइटचे बार, प्रकाश कमीजास्त करणारे डिमर, विंगा, झालरी, मागचा मोठा पडदा म्हणजे सायक, यांतलं निम्मं सुटलेलं असतं. एसीचा अंदाज ऑफिसच्या हिशेबाने. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ४०० प्रेक्षकांसाठीच ११ टनांचा एसी लागतो. त्यावर बाहेरची हवा, छत आणि स्टेजचे दिवे. टनेज कमी पडलं की दुसऱ्या अंकात लोक पत्रिकेने वारा घेतात. दर्शनी काचेचे पैसे मात्र पहिल्या पानावर, कारण काचेवर नाव शोभतं. वायरिंगवर कुणाचंच नाव लागत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू, लोक रस्त्यावर उभं राहून रडले. आपणही फोटो शेअर केले. नवं नाट्यगृह काढणाऱ्या किती जणांनी त्यानंतर पडदे अग्निरोधक करायचा, विम्याचा, दर सहा महिन्यांच्या फायर तपासणीचा खर्च निधीत धरला?

याच केशवरावांनी बालगंधर्वांबरोबर ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, एक रंगमंच. त्याच वर्षी केशवराव गेले. निधीसाठी नाटक म्हटलं की समित्यांना हेच आठवतं. पण ५०० रुपयांची ४०० तिकिटं म्हणजे २ लाख, त्यातून कलाकारांची नाइट (प्रयोगाचं मानधन), भाडं, टेम्पो, जेवण. हातात उरतं ते पत्रकं छापण्यापुरतं. प्रयोग जरूर करा, माणसं जोडायला. पैशांसाठी नको.

इमारत उभी राहिल्यावर वीज, वॉचमन, सफाई, विमा यांत भाडं वजा जाऊन वर्षाला १२ लाखांची तूट पडली, तर ७ टक्के व्याजाने साधारण १ कोटी ७० लाखांची ठेव हवी. तीही आजच मागायची, कॉर्पस म्हणजे मोडायची नाही अशी कायम ठेव म्हणून, देणगीदाराच्या लेखी सूचनेसह. नाहीतर तिसऱ्या वर्षी लग्नांचे हॉल होतात. लग्नांमुळे वीजबिल निघतं हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. मग लग्नांसाठी उतार जाऊन सपाट फरशी होते, आणि चौथ्या रांगेपासून नटांचे पाय दिसत नाहीत.

असो. राग त्या पोरांवर नाही, ती मनापासून धावताहेत. त्यांच्यापैकी कुणी इथे असेल तर एवढंच सांगा, नकाशात स्टेजमागचं दार किती रुंद आहे? नाटकाचा सेट आत जायला आठ फूट रुंद, दहा फूट उंच हवं, आणि उंबरा टेम्पोच्या फाळक्याच्या पातळीला. चार फूट असेल तर भूमिपूजन पुढे ढकला.