आत्याला नुसतं 'सेवाभावी' म्हणू नका

आत्या गेल्यापासून फोन आणि मेसेज थांबलेले नाहीत. 'देवमाणूस होत्या', 'फार प्रेमळ होत्या', 'उभं आयुष्य रुग्णसेवेला वाहिलं'. सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, त्याबद्दल घरच्या सगळ्यांच्या वतीने आभार. पण हे वाचताना सारखं वाटत राहिलं की यात आत्या कुठे सापडतच नाही. सर्जन गेला की लोक त्याच्या हाताबद्दल बोलतात, त्याने तारलेल्या अवघड केसेस सांगतात. नर्स गेली की फक्त तिचं मन आठवतं. तिला काय येत होतं, हे कुणी विचारतही नाही.

खरं सांगायचं तर ती तशी फार प्रेमळ नव्हतीच. तोंडाने फटकळ. पेशंटच्या पलंगावर टेकलेल्या नातेवाइकाला नुसत्या नजरेने उठवायची. घरात आम्ही पोरं तापाने फणफणलो तरी जवळ घेऊन गोंजारणं वगैरे भानगड नाही, आधी मनगट हातात घ्यायची.

त्या मनगट धरण्यातली गोम तिने मला फार उशिरा सांगितली. नाडी मोजून झाली तरी ती हात सोडायची नाही. बोटं मनगटावर तशीच ठेवून ती छातीची हालचाल बघत श्वास मोजायची. कारण आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पेशंटला वाटायचं, सिस्टर किती मायेने हात धरून उभ्या आहेत! माया असेलही, पण त्या घटकेला ती मोजत असायची. तेही पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्यांवर तिचा भारी राग. पेशंट बिघडू लागला की बऱ्याचदा आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजपंचे भरला जाणारा आकडाही तोच, असं ती म्हणायची. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांपुढे ओळीने २०, २०, २० लिहिलेलं दिसलं की त्या ज्युनिअरची खैर नसे.

औषधाच्या बाबतीत तर ती हटवादी म्हणावी इतकी काटेकोर. 'तुम्ही पाटीलकाका ना?' असं विचारायचं नाही, हा तिचा नियम. गुंगीत असलेला, घाबरलेला, ऐकू कमी येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि ते केस पेपरशी ताडून बघायचं. मग योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फोन करून विचारायचं, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. यावरून तिने बऱ्याच शिव्या खाल्ल्या. दशांश चिन्ह दिसलं नाही तर १.० चे १० होतात. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. यात सेवाभाव किती आणि ज्ञान किती, तुम्हीच ठरवा.

आमच्या घराने तिचं काम जवळून पाहिलं ते आजीला पक्षाघात झाला तेव्हा. आत्याने येऊन पहिल्यांदा रडारड बंद केली आणि भिंतीवर एक कागद चिकटवला. दर दोन तासांनी कूस: डावी, पाठ, उजवी. समोर वेळ आणि ज्याने बदलली त्याची सही. आम्हाला हसू आलं, घरात कसली सही? पण सही असल्यामुळेच रात्री दोनची पाळी कुणाला चुकवता आली नाही. आजीला ओढायचं नाही, खालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. कारण ओढताना कातडी घासते आणि बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथेच होते. चादरीला सुरकुती नको. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाच गादीला टेकता कामा नये. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर धोका. आणि त्या जागी चोळायचं अजिबात नाही. आम्ही तर मायेपोटी तेल घेऊन बसलोच होतो!

भरवताना आजीला टेकून बसवायचं, हनुवटी जरा खाली, लहान घास, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट घालून तपासायचं, कारण तिकडे घास अडकून राहिलेला त्या माणसाला कळतच नाही. हे शेवटचं आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. आजी पुढे बरीच वर्षं अंथरुणावर होती आणि तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. येणारे जाणारे म्हणायचे, 'पोरीने आईची काय सेवा केली!' केलीच. पण तिच्याइतकंच प्रेम असलेल्या आम्हा बाकीच्यांना ते जमलं नसतं. प्रेमाने बेडसोअर टळत नाहीत.

हे फक्त आमच्या आत्याच्या वाट्याला आलं असंही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला आठवते ती हातात दिवा घेतलेली. १८५४ मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात गेली, रात्री दिवा घेऊन फिरली, हे खरंच आहे. पण परतल्यावर तिने मृत्यूंची आकडेवारी घेऊन १८५८ मध्ये आकृत्या छापल्या आणि सरकारला दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली महिला सदस्य. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिने नर्सिंगची शाळा सुरू केली, कारण हे काम शिकावं लागतं असं तिचं ठाम मत होतं. दरवर्षी १२ मेला, तिच्या जन्मदिवशी, आपण दिव्याचे फोटो टाकतो. आकृत्यांचा फोटो टाकलेला मी तरी पाहिलेला नाही.

माझा खरा राग पुढे आहे. कामाला पुण्य म्हटलं की त्याचा हिशोब मागता येत नाही. आत्याने सुट्टी मागितली की 'तुमच्याशिवाय वॉर्ड चालत नाही' हे कौतुक मिळायचं, सुट्टी मिळायची नाही. सलग नाइट, रिलिव्हर आली नाही की तशीच पुढची ड्युटी, पायांच्या शिरा फुगलेल्या, कंबर गेलेली. माझ्या आतेभावाच्या मनात याची अढी आजही आहे. लहानपणी रात्री आई घरी नसायची आणि दिवसा झोपलेली असायची. 'ती सगळ्यांची होती' असं भेटायला आलेल्या कुणीतरी त्याला म्हटलं, तेव्हा तो उठून आत गेला. मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. आत्याने त्याग केला म्हणतात, त्यातला निम्मा या पोराकडून न विचारता घेतलेला होता.

एका नर्सकडे किती पेशंट असावेत हा दयेचा प्रश्न नाही. २००२ मध्ये अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं की नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. कॅलिफोर्नियाने २००४ पासून कायद्यानेच मर्यादा लागू केली, अतिदक्षता विभागात एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण. आत्याला हे एकदा वाचून दाखवलं. 'हे सांगायला अभ्यास कशाला लागला?' म्हणाली. मग थोड्या वेळाने, 'पण बरं झालं, कुणीतरी छापलं.'

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस होत्या, त्यांतल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बायका. माझा संशय असा की पुरुष जास्त असते तर या कामाला आपण केव्हाच 'कौशल्य' म्हटलं असतं. कुणाला पटणार नाही, वाद घालायचा असेल तर खुशाल घाला.

तिच्या शेवटच्या आजारपणात एक नवखी सिस्टर सलाईन लावायला आली. दोनदा शीर सापडली नाही, बिचारीला घाम फुटला. आत्याला धड बोलवत नव्हतं. तरी तिने स्वतःचा हात पलंगाखाली लोंबता सोडला, दोन-तीनदा मूठ उघडमीट केली आणि म्हणाली, 'आता बघ. घाई नको.' तिसऱ्यांदा सुई बरोबर बसली. मुलगी 'थँक्यू मॅडम' म्हणाली, तर आत्याचं उत्तर, 'पट्टीवर तारीख टाक.'

तिच्या हाताखाली शिकलेल्या पुष्कळ जणी आज कुठे कुठे वॉर्ड सांभाळतायत. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर खाली लिहा, तिने तुम्हाला नेमकं काय शिकवलं, कशावरून झापलं, कुठली युक्ती दाखवली. आतेभाऊ ते सगळं एका वहीत उतरवून घेणार आहे. 'देवमाणूस' आमच्याकडे भरपूर जमलंय, ते नको.