बोअर आणि शोषखड्डा: हिशेब फुटांचा नाही, घरांचा आहे

एनए (बिगरशेती) प्लॉटवर बंगला बांधताना हमखास येणारा प्रश्न: "शोषखड्ड्यापासून बोअर किती फुटांवर घेऊ?" उत्तरही ठरलेलं, पन्नास-साठ फूट. हे अंतर जंतूंसाठी आहे. मातीतून झिरपताना बरेचसे जंतू अडकतात, मरतात. सांडपाण्यातल्या नायट्रोजनपासून बनणारं नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं, मातीच्या कणांना चिकटत नाही, पाणी जाईल तिथे जातं. आपल्या बेसॉल्टच्या (काळ्या खडकाच्या) भेगांत तर मातीशी गाठच पडत नाही.

सेप्टिक टँकमध्ये नायट्रोजन फारसा कमी होत नाही. तो मुख्यतः लघवीतला; अमोनिया होऊन पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि खड्ड्याखालच्या हवेशीर मुरुमात जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. म्हणजे गंमत बघा, सगळं नीट चाललं तरच नायट्रेट जास्त तयार होतं!

आता हिशेब. १० एकर, १०० घरं, घरटी ४ माणसं. माणशी रोज १० ग्रॅम नायट्रोजन धरा, वाटेत ३० टक्के नाहीसा झाला असं माना. वर्षाला साधारण १,०२० किलो जमिनीत जातो. पातळ करायला पाणी किती? ७०० मिमी पावसातला १० टक्के मुरला तर २,८०० घनमीटर, आणि माणशी १०० लिटर सांडपाण्याचे १४,६०० घनमीटर. भागाकार केला की लिटरला ५९ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे सुमारे २६० मिलिग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ४५, आणि तीत सूट नाही. याच गणिताने मर्यादेत राहायचं तर १० एकरांत तीनच घरं बसतात.

हिशेब ढोबळ आहे, मान्य. वरच्या अंगाने येणारं भूजल मिसळलं तर आकडा उतरतो. बोअरचंच पाणी वापरून तिथेच मुरवत राहिलं तर चढतो. पण 'एकरी घरं किती' हा प्रश्न लेआउट मंजूर करताना कुणी विचारत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा करा. नमुना ओव्हरहेड टाकीतून नको. बोअर १०-१५ मिनिटं चालवून थेट पाइपातून घ्या, बर्फात ठेवून ४८ तासांत प्रयोगशाळेत द्या. रिपोर्टवर आकडा 'नायट्रेट' म्हणून आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून, ते आधी वाचा. दुसऱ्याला ४.४३ ने गुणायचं. 'फक्त १२' वाचून निर्धास्त झालात तर प्रत्यक्षात ते ५३ असू शकतं.

नायट्रेट सांडपाण्याचं की शेजारच्या उसाच्या युरियाचं? सोबत क्लोराइड आणि ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) तपासा. नायट्रेट-क्लोराइड दोन्ही वस्तीच्या खालच्या अंगाला वाढत असतील तर संशय सांडपाण्यावर. मात्र शेतात म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइड असलेलं पालाश खत) पडत असेल तर क्लोराइड तिथूनही येतं. ई. कोलाय नाही म्हणून सांडपाणी नाही, असंही नाही. जंतू मागे राहतात, नायट्रेट पुढे जातं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले सुमारे ३५ टक्के नमुने ४५ च्या वर होते. सगळा दोष खतांवर ढकलणं सोयीचं असतं, एवढंच म्हणतो.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. क्लोरीन, यूव्ही निरुपयोगी. आरओने बरंच कमी होतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी अजिबात नको.

बांधकामात दोन गोष्टी करा. शोषखड्डा सुरुंग लावून खडकात खोल नेऊ नका. दीड-दोन फूट खोल चर काढून पाणी मातीत पसरवा, वर केळी, कर्दळी लावा. बोअरचं केसिंग (वरच्या भागातला बाहेरचा पाइप) पक्क्या खडकात बसवून भोवतालची पोकळी सिमेंटने बुजवा, नाहीतर वरचं पाणी पाइपाच्या कडेने सरळ खाली उतरतं. बंद पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडणाऱ्यांना तर हात जोडतो.

दाट वस्तीला सामाईक एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) हवा. पण 'एसटीपी आहे' एवढं ऐकून गप्प बसू नका. नुसती हवा मारणारा प्लांट अमोनियाचं नायट्रेट करून थांबतो. नायट्रेट मोडणारी, हवा न देता चालवायची टाकी त्यात आहे का आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात टोटल नायट्रोजन किती, हे बिल्डरकडून लेखी घ्या.